सांगून झालेले कागद

माझ्या घरमालकांनी मला पहिल्यांदा चहाला बोलावलं ते लाऊडस्पीकरवरून. राज्याच्या पार पूर्व टोकाला, धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या कॉलेजात भूगोल शिकवायला मी सांगलीहून आले होते. आदल्या संध्याकाळीच त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत सामान टाकलं होतं आणि रविवार असल्यामुळे जरा उशिरापर्यंत लोळायचा बेत होता. तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्राध्यापक मॅडम यांना कळविण्यात येते की, चहा तयार झालेला आहे. तरी त्यांनी त्वरित खाली यावे." हे एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळेपर्यंत समोरच्या घरातली सगळी माणसं, नव्या मॅडम उतरतात की नाही ते बघायला, दारात येऊन उभी राहिली होती. मी केस तसेच गुंडाळून खाली पळाले.

"बॅटरी तपासून राहिलो होतो," घरमालक शांतपणे म्हणाले. "मंग विचार केला, हॅलो हॅलो कायले कराचं. कामाचंच बोलून घेऊ."

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, मीही म्हणू लागले. गावात काहीही सांगायचं असलं की काकाजींकडे यायचं, अशी कित्येक वर्षांची पद्धत होती. रेशनची साखर आली, नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस आहे, मंडईच्या जत्रेत रात्री दंडारीचं नाटक आहे, कुणाचा बकरा हरवला, कुणाची म्हातारी गेली. आधी ते सायकलवर भोंगा बांधून फिरत, मग लुना घेतली, आणि मी गेले तेव्हा शेजाऱ्याच्या ऑटोत मागे बसून जात. इतकी वर्षं भोंग्याखाली काढल्यामुळे दोन्ही कान जवळजवळ गेलेले. त्यामुळे घरात साधं बोलायचं तरी ते सभेला उद्देशून बोलल्यासारखे बोलत, आणि तीनदा. मीठ हवं असलं तरी तीनदा. काकीजी, म्हणजे त्यांची बायको, पहिल्याच वेळेला मीठ वाढून मोकळ्या व्हायच्या, पण उरलेल्या दोन वेळा ते पूर्ण करायचेच.

त्यांच्याजवळ दोन भाषा होत्या. माइक हातात आला की "सर्व नागरिकांना कळविण्यात येते" अशी शाळेच्या पुस्तकातली मराठी, आणि माइक ठेवला की इथली झाडीबोली. निवडणुकीत तर आणखी मजा. सकाळी एका उमेदवाराचा प्रचार, दुपारी त्याच्या विरोधकाचा, आणि दोघांनाही आपापले पैसे वसूल झाल्याचं समाधान, कारण काकाजी दोघांसाठी दोन वेगळे आवाज लावायचे. एकदा मी विचारलं, "काकाजी, तुम्ही स्वतः मत कुणाला देता?" तर म्हणाले, "ते मी कोनाले सांगत नाई. माझ्या जिंदगीत तेवढीच एक गोष्ट आहे जे मी सांगत नाई."

लोक सांगायचा मजकूर कागदावर लिहून आणत. कागद म्हणजे हाताला लागेल तो. कॅलेंडरचं मागचं पान, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, बिडीच्या बंडलाचा कागद, सिमेंटच्या पोत्याचा तुकडा. दुसरा कुणी असता तर ओरडून झाल्यावर तो कागद गटारात टाकला असता. काकाजी तो खिशात घालून घरी आणायचे आणि मग काही दिवसांनी त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहायचे. बकरा सापडला का? साखर सगळ्यांना पुरली का? दंडार बरी झाली का? जे उत्तर मिळेल ते कागदाच्या पाठीवर लिहायचं. "मिळाला." "पुरली नाही, भांडण झाले." "दंडार बेकार, राजा पिऊन आला." एवढं लिहिलं की कागद सांगून झाला. मग तो मागच्या खोलीत जायचा.

ती मागची खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आत शिरताच येईना. किराणा दुकानात बिलं खोचायची वाकडी तार असते ना, तशा तारा आढ्यापासून खाली लोंबत होत्या, आणि प्रत्येक तारेला गळ्यापर्यंत कागद खोचलेले. खाली पिंपं, पिंपांत पुन्हा कागद. वारा आला की सगळी खोली सळसळायची. दाराच्या आतल्या खुंटीवर मात्र एक खादीची पिशवी वेगळी टांगलेली होती. तिच्यात ज्यांचं काम झालं नाही ते कागद असत. न सापडलेल्या वस्तू, न परतलेली जनावरं. ती पिशवी जाता येता डोळ्यांसमोर राहावी म्हणून दाराशी.

"या घरी माणसाले पाय पसराले जागा नाई," काकीजी म्हणायच्या, "पन हरवलेल्या बकऱ्याच्या कागदाले आहे."

अलीकडे धंदा बसला होता. आता मोबाईलवर आवाज भरून घेतात, चिप भोंग्याला लावतात, आणि पोरगं नुसतं ऑटो फिरवत राहतं. काकाजींना धंदा गेल्याचं तितकं वाईट वाटत नसे. त्यांचा राग वेगळाच होता. "तो डबा ओरडते, ठीक आहे. पन बकरा भेटला का नाई, हे विचाराले तो डबा जाईल का?"

एका हिवाळ्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीकडून, तिरोड्याहून, गोड बातमी आली. बाळंतपणाला ती माहेरी येणार होती, आंब्याच्या दिवसांत. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेले, त्यामुळे काकीजींचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी त्याच दिवशी मागच्या खोलीच्या दारात उभं राहून जाहीर केलं की लेकीची खाट इथेच पडणार. पोरगी यायच्या आत कागद हलले नाहीत, तर बाजारातल्या चिवडेवाल्याला बोलावून सगळे किलोवर देऊन टाकीन. काकीजी एकदाच बोलायच्या, पण बोलल्या की ते व्हायचंच.

काकाजी दोन दिवस गप्प. म्हणजे खरंच गप्प, अख्ख्या गल्लीला चुकल्यासारखं झालं. मला ते बघवेना. माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र विद्यापीठाच्या अभिलेखागारात होता, जुने कागद जमवायचे आणि सांभाळायचे हेच त्याचं काम. मी त्याला फोनवर त्या तारांचं वर्णन केलं. त्याने तारा किती, कागद किती, ते दोनदा विचारलं. मग म्हणाला, कशालाही हात लावू नका, मी येतोय.

आता या मित्राविषयी एक सांगायला हवं. आयुष्य वाचनालयांत गेल्यामुळे तो कुजबुजतो. लग्नाच्या पंगतीतही कुजबुजतो. असा हा माणूस एसटीतून उतरून काकाजींसमोर बसला आणि ओठ हलवू लागला. काकाजींनी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे सर बिमार आहेत का जी?" पुढचे तीन तास मीच त्या दोघांच्या मधला भोंगा झाले. रात्री माझा घसा पार बसला होता.

तेव्हापासून माझा मित्र सगळ्यांसाठी सर झाला. सरांनी पांढरे हातमोजे घातले. "हाताले काही लागलं का?" काकाजींनी विचारलं. मग सर एकेक तार बघत गेले आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. असं गावाचं रोजचं बोलणं कुठेच राहत नाही हो, ते मला सांगत होते. काय हरवत होतं, काय येत होतं, लोक कशासाठी जमत होते, सगळं इथे आहे, आणि पुढे काय झालं तेही आहे. मी हे ओरडून काकाजींपर्यंत पोचवलं. काकाजी खूश झाले, पण त्यांना एक शंका होती.

"तिकडं हे कागद कोनी वाचते का?"

"हो तर. कुणीही येऊन मागू शकतो. थंड खोलीत नीट ठेवू आम्ही."

"मोठ्यानं वाचते?"

"नाही, मनातल्या मनात. तिथे शांतता ठेवावी लागते."

"मंग ऐकू कोनाले येते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हे काही मी ओरडून सोडवण्यासारखं नव्हतं. तरीपण काकाजी तयार झाले, कारण चिवडेवाल्यापेक्षा थंड खोली बरी.

मग दानपत्र आलं. सरांनी ते सही करायला पुढे केलं, तर काकाजी म्हणाले, न वाचता मी आजवर कुठलाच कागद सोडला नाही. आणि सवयीनं माइक हातात घेतला. "मी, खाली सही करणार, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, माझ्या ताब्यातील सर्व..." अर्ध्या गोरेगावाला ऐकू जात होतं. समोरच्या बाई धावत आल्या आणि काकीजींना म्हणाल्या, "का वो, घर दान करून राहिले का?" काकीजी म्हणाल्या, "घर नाई वो बाई, कचरा." पण काकाजी तिथेच, "सर्व" या शब्दावर थांबले होते. माइक खाली ठेवला. "सर्व म्हंजे ते पिशवी बी?"

सर म्हणाले, ती पिशवी तर सगळ्यात महत्त्वाची.

"ते नाई देता येत. ज्याचं काम झालं नाई तो कागद माझा नाई. ज्यानं लिवून देल्ला त्याचा आहे. दुसऱ्याची वस्तू मी दान कशी करू?"

"मग पिशवी राहू दे. बाकीचं द्या."

"अर्धं सांगून मी कधी घरी आलो नाई जी. द्याचं तं पुरं द्याचं."

सर रिकाम्या हाताने परत गेले. जाताना एवढंच म्हणाले की पंधरवड्यानं विद्यापीठाची गाडी या बाजूला येणार आहे, काही जमलं तर कळवा. तिकडे काकीजींनी खाटेला नवी सुतळी ओढून घेतली आणि ती खाट मागच्या खोलीच्या दारात आडवी उभी करून ठेवली. काकाजी आत जाताना तिला वळसा घालून जायचे. मला त्या दिवसांत त्यांचा भयंकर राग आला होता. मी इतकी खटपट केली आणि हा माणूस एका शब्दावरून अडून बसला. पण चारपाच दिवसांनी सकाळी जिन्याखालून आवाज आला, "प्राध्यापक मॅडम यांना कळविण्यात येते की, आज बाजाराचा दिवस आहे. तरी त्यांनी चष्मा घेऊन खाली यावे."

त्यांचा उपाय साधा होता. पिशवीतला प्रत्येक कागद पुन्हा एकदा सांगायचा. शेवटचं विचारायचं, आणि मग जे होईल ते पाठीवर लिहायचं. शेजाऱ्याच्या ऑटोत भोंगा बांधला, मी त्यांच्याशेजारी बसून एकेक कागद हातात देऊ लागले. काही इतके जुने की घडीवर फाटत होते. "काळ्या रंगाचा, एका कानावर पांढरा ठिपका असलेला बकरा हरवलेला आहे." "कचारगडच्या यात्रेहून येताना लाकडी मुठीची छत्री एसटीत राहिलेली आहे." "लग्नघरातून पितळेचा गुंड बदलून गेलेला आहे, पाणी भरायचा, काठाला पोचा आलेला." बाजारात माणसं थांबून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी काकाजींचा आवाज ऐकत होती, त्याचंच त्यांना बरं वाटत असावं. भाजीवालीने आम्हाला दोन काकड्या दिल्या.

एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. गावात ओरडून सांगताना तारीख कुणी सांगत नाही, सांगतोय म्हणजे आजचंच. त्यामुळे त्या कागदांवरही तारखा नव्हत्या, आणि काकाजींनीही सगळं आजच हरवल्यासारखं सांगितलं. आणि काकाजी सांगतायत म्हटल्यावर गोरेगावात कोण खोटं मानणार. दिवस कलायच्या आत आमच्या अंगणात तीन काळे बकरे बांधले गेले होते. एकाच्या कानावर तर खरोखर ठिपका होता. शिवाय छत्र्या, किल्ल्यांचा जुडगा, एक डाव्या पायाची चप्पल, आणि पोलिओचा डोस कुठे आहे म्हणून नातवाला घेऊन आलेला एक म्हातारा. त्या पोलिओच्या कागदाचं काम का झालं नव्हतं, ते मला आजही माहीत नाही.

"आता याहिले चारा कोन घालल?" काकीजी बकऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. काकाजींना पुन्हा ऑटोत बसून, बकरे सापडल्याचं सांगत फिरावं लागलं. त्यांचे आजचे मालक शिव्या देत येऊन त्यांना घेऊन गेले.

पण त्या गोंधळात खरी माणसंही आली. एक म्हातारी पितळेचा गुंड डोक्यावर घेऊन आली, काठाला पोचा आलेला. तो तिच्याच घरी होता. "तवा सांगाची लाज वाटली जी," ती म्हणाली, "मंग पानी भरता भरता माझाच होऊन गेला." एक जाडजूड गृहस्थ मोटरसायकलवरून आले, इकडेतिकडे बघून काकाजींच्या कानाशी ओरडले, "काकाजी, तो ठिपक्याचा बकरा आमी खाल्ला होता. होळीले. चौघं होतो." काकाजींनी गंभीरपणे कागद उलटा केला आणि लिहिलं, "खाल्ला. कबूल." ते गृहस्थ हलके होऊन चहा पिऊन गेले.

दिवेलागणीला चाळिशीची एक बाई आली. हातात काही नव्हतं. शाळेत असताना तिचं चांदीचं एक पैंजण धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पडलं होतं, तेव्हा तिच्या वडिलांनी कागद लिहून दिला होता. "भेटलं का?" काकाजींनी घाईने विचारलं. ती त्यांच्या कानाशी वाकून नाही म्हणाली. "बाबानं तवा लय मारलं होतं. मंग रातभर स्वतःच रडत बसला. आता बाबा बी नाई. आज बाजारात तुमचा आवाज आयकला अन् मले वाटलं बाबाच शोधून राहिला." तिने कागदावरचं बाबांचं अक्षर बोटाने चाचपलं. "काकाजी, आता नोका शोधू. झालं म्हून लिवा." काकाजींनी पेन काढलं, पण त्यांना दिसेना. चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला, मग मीच तो कागद घेऊन "झालं" असं लिहिलं. मलाही नीट दिसत नव्हतं.

तरीही पिशवीत काही कागद उरलेच. ज्यांचं कुणीच आलं नाही असे. विद्यापीठाची गाडी आली, सर आले, खोक्यांमध्ये तारांसकट कागद भरले गेले. गंजामुळे तारा काढाव्या लागतील असं सर कुजबुजले होते, पण काकाजींचा चेहरा बघून म्हणाले, आत्ता नको, तिकडे बघू. शेवटी पिशवी राहिली. काकाजी ती छातीशी धरून उभे.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. "पन खोक्यावर लिवाचं, शोध सुरू आहे. अन् इथं, या लोकाईसमोर, सांगून जाचं."

सरांनी मान हलवली आणि म्हटलं, "शोध सुरू आहे." ते मलाही ऐकू आलं नाही, मी शेजारी उभी असून.

काकाजींनी माइक पुढे केला.

सरांनी माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गेटाबाहेर जमलेल्या गल्लीकडे पाहिलं. मग घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्यासमोर तरी, हा माणूस मोठ्याने बोलला. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, ज्या वस्तू अजून सापडल्या नाहीत, त्यांचा शोध सुरू आहे." काकाजींनी दोन बोटं दाखवली. सरांनी दुसऱ्यांदा सांगितलं, जरा वरच्या पट्टीत. तिसऱ्यांदा सांगताना तर त्यांना चढलंच, "तरी नागरिकांनी सहकार्य करावे" हे त्यांनी पदरचं जोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाजींनी पिशवीतले कागद त्यांच्या हवाली केले, रिकामी पिशवी खुंटीला परत अडकवली आणि दानपत्रावर सही केली.

त्याच संध्याकाळी काकीजींनी खोली शेणाने सारवली आणि खाट आत घेतली. मुलगी आली. ती बाळंत झाली तेव्हा आंबे पिकायला लागले होते, आणि तिला मुलगी झाली. काकाजी दवाखान्यातून घरी आले ते थेट माइककडे गेले. त्यांनी कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि स्वतःच्या हाताने कागद लिहिला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच स्वतःसाठी. मग ऑटोत बसून सगळं गोरेगाव फिरले. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, आमच्या घरी मुलगी आलेली आहे. आई आणि बाळ खुशाल आहेत." प्रत्येक चौकात तीनदा. काकीजी घरी पाळण्याची दोरी आवळत होत्या. त्या म्हणाल्या, "आवाजानं पोरगी उठल." पण हसत होत्या.

पुढे माझी बदली झाली. मित्र अधूनमधून सांगतो, काकाजींची खोकी लोक मागून वाचतात, मनातल्या मनात. त्याला त्या संग्रहात शेवटचा कागद हवा होता, नातीचा. तो पाठवा म्हणून त्याने दोनदा पत्र लिहिलं. म्हणून गेल्या वर्षी गोरेगावला गेले तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. काकाजी आता फारसे बाहेर पडत नाहीत. नात शाळेत जायला लागली आहे, आणि घरात कोण जास्त मोठ्याने बोलतं हे सांगणं कठीण झालं आहे.

काकाजींनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे आता नातीचं दप्तर, बाहुल्या, भिंतीवर खडूने काढलेली चित्रं. दाराच्या खुंटीवर ती खादीची पिशवी तशीच टांगलेली होती. तिच्यातून त्यांनी कॅलेंडरचं घडी केलेलं पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. पुढे तो मजकूर होता. मी उलटून पाहिलं. पाठ कोरी होती.

"तुमच्या सरले सांगा, हा नाई भेटत," काकाजी म्हणाले. "याचं काम सुरू आहे."

हे त्यांनी एकदाच सांगितलं. मग कागदाची घडी केली आणि परत पिशवीत ठेवली.